गडावरचा मुक्काम आणि शौचाची व्यवस्था : वाचकांचे प्रश्न

मुक्कामी ट्रेकमध्ये शौचाची व्यवस्था कशी करावी, याविषयी अनेक वाचकांनी आमच्याकडे विचारणा केली आहे. या विषयावर उघडपणे बोलण्याचा संकोच बहुतेकांना वाटतो आणि त्या संकोचाची किंमत गडावरचे पाणी व पायथ्याची गावे मोजतात. म्हणून या वेळचे संपूर्ण सदर याच प्रश्नांसाठी दिले आहे.

प्रश्न : आम्ही मित्र हिवाळ्यात हरिश्चंद्रगडावर मुक्कामाला जातो. पाण्यापासून ६० मीटर दूर, १५ ते २० सेंटिमीटर खोल खड्डा खणून विष्ठा पुरावी, असे आम्ही वाचले होते. प्रत्यक्षात गडावर खुरपे दोन-तीन बोटांच्या पुढे जात नाही, खाली लगेच कातळ लागतो. अशा वेळी काय करावे? (वाचक, नाशिक)

उत्तर : आपण वाचलेला नियम योग्य आहे, परंतु तो जिथे खोल माती आणि भरपूर पालापाचोळा आहे अशा जंगलांसाठी तयार झालेला आहे. जमिनीच्या वरच्या वीतभर थरात हवा खेळती असते, जिवाणू, बुरशी आणि किडे यांची वस्ती दाट असते, आणि विष्ठेचे विघटन तेच करतात. खड्डा याहून उथळ असला तर पावसाने किंवा जनावरांनी तो उघडा पडतो, याहून खोल गेला तर विघटन मंदावते. त्यामुळे १५ ते २० सेंटिमीटर हे माप आले. मातीच नसेल तर या मापाला अर्थ उरत नाही.

सह्याद्रीतले बहुतेक गडमाथे काळ्या कातळाचे आहेत आणि त्यावर मातीचा थर अगदी पातळ असतो. त्यातच गडांवरचे पाणी बहुतांशी पावसाचे साठवलेले पाणी असते. एखाद्या खोदीव टाक्याजवळ उभे राहून वरच्या बाजूचा कातळ नीट पाहिला, तर अनेक ठिकाणी छिन्नीने कोरलेल्या, बोट-दोन बोटे रुंदीच्या चरी दिसतात. वरच्या उतारावर पडलेला पाऊस वाया जाऊ नये, तो वळून टाक्यात यावा, यासाठी त्या कोरल्या आहेत. टाके खोदणाऱ्यांनी आजूबाजूचा सारा उतार पाण्यासाठी राखला होता. त्या उतारावर जानेवारीत कोणी शौचास बसले, तर ती घाण उन्हाने वाळून पाच महिने तिथेच पडून राहते आणि जूनच्या पहिल्या सरींबरोबर त्याच चरींतून टाक्यात उतरते. अंतर ६० मीटर असले काय किंवा १०० मीटर असले काय, उतार टाक्याकडे असेल तर परिणाम तोच.

म्हणून गडावर जागा ठरवताना पावलांनी अंतर मोजण्याआधी एक प्रश्न स्वतःला विचारावा : इथे पडलेल्या पावसाचे पाणी वाहत कुठे जाईल? उत्तर टाके, तळे, झरा किंवा गावाच्या विहिरीकडे जाणारा ओढा असे येत असेल, तर ती जागा सोडावी. हरिश्चंद्रगडाच्या बाबतीत तर मंदिराच्या परिसरातून निघणारी मंगळगंगा नदी पायथ्याच्या पाचनई गावाच्या दिशेने खाली उतरते, हे ध्यानात ठेवावे. मंदिर, लेणी, पुष्करणी आणि ओढ्याचा काठ हा सगळा भाग या कामासाठी वर्ज्यच मानला पाहिजे.

प्रत्यक्ष करता येण्याजोग्या गोष्टी अशा. एका रात्रीचाच मुक्काम असेल, तर चढाई सुरू करण्यापूर्वी पायथ्याच्या गावातील शौचालय वापरून निघावे. ज्यांच्या घरी जेवणाची किंवा नाश्त्याची सोय केली असेल, त्यांना आदल्या दिवशी फोनवर तसे सांगितले तर सहसा कोणी नाही म्हणत नाही. वापरासाठी पैसे द्यावेत आणि पाणी कमी असलेल्या महिन्यांत, विशेषतः एप्रिल-मे मध्ये, आपल्यापुरते पाणी स्वतः भरून आणावे. त्या दिवसांत घरातील बायकांनी दूरवरून डोक्यावर आणलेले पाणी आपण टमरेलाने ओतणे बरे नव्हे. गडावर गरज पडलीच, तर माथ्यावर न करता वाटेवरच्या रानात, पाणवठ्यापासून दूर, जिथे झाडांखाली पालापाचोळा कुजून काळी माती तयार झाली आहे अशा जागी खड्डा घ्यावा. सोबतीला साधे खुरपे पुरते. काम झाल्यावर काढलेली माती परत लोटून दाबावी आणि वर एक जड दगड ठेवावा, कारण गावातील कुत्री अनेकदा ट्रेकरांबरोबर गडावर येतात आणि ती ताजी माती हमखास उकरतात.

अशी जागा मिळाली नाही, तर विष्ठा बरोबर खाली आणणे हाच मार्ग राहतो. ऐकायला हे अवघड वाटते, करायला तितके नाही. एक जाड पिशवी जमिनीवर पसरून त्यावर बसावे, चमचाभर राख टाकावी, तोंड बांधावे, ती दुसऱ्या पिशवीत घालावी आणि घट्ट झाकणाच्या, फक्त याच कामासाठी ठेवलेल्या प्लॅस्टिकच्या डब्यात ठेवावी. खाली आल्यावर पिशवीतील ऐवज शौचालयात रिकामा करून पाणी टाकावे आणि पिशवी कागदात गुंडाळून सॅनिटरी कचऱ्यात द्यावी. परदेशी बनावटीच्या तयार पिशव्यांत ओलावा शोषून घेणारी, जेल बनवणारी पूड असते. त्या पिशव्या वापरल्यास त्यातील काहीही शौचालयात टाकू नये, पाइप तुंबतो. प्रौढ माणसाच्या दिवसभराच्या विष्ठेचे वजन साधारण दीडशे ग्रॅम धरले, तर पिशवीचा भार किती नगण्य आहे हे समजेल. मात्र याच हिशेबाने शनिवारी रात्री गडावर २०० माणसे राहिली, तर सकाळपर्यंत ३० किलो विष्ठा मागे राहते. सुट्टीच्या दिवशी आपण एकटे नसतो, हे गृहीत धरूनच निर्णय घ्यावा.

प्रश्न : मार्च महिन्यात आम्ही ओढ्याच्या कोरड्या पात्रात जातो. तिथे आडोसा असतो आणि वाळू सहज उकरता येते. टिश्यू पेपर आणि ओले वाइप्स आम्ही जाळून टाकतो. यात काही चुकते आहे का? (वाचक, पुणे)

उत्तर : दोन्ही गोष्टी बंद कराव्यात. कोरडा ओढा हा पावसाळ्यातला ओढाच आहे. त्याच्या वाळूत कुजवणारे जीव फारसे नसतात आणि जूनमध्ये पहिला लोंढा आला की पुरलेले सगळे खालच्या बंधाऱ्यात किंवा विहिरीत जाते. सह्याद्रीतील वाड्या-पाड्यांचे पिण्याचे पाणी अनेकदा अशाच ओढ्याच्या काठच्या विहिरीतून किंवा झिऱ्यातून येते. पात्राच्या काठावरून वर चढून, किमान ८० पावले लांब जाऊन जागा पाहावी.

जाळण्याविषयी तर अधिक कळकळीने सांगावेसे वाटते. दिवाळीनंतर डोंगरावरील गवत वाळू लागते आणि फेब्रुवारीपासून पावसापर्यंत एक ठिणगी वणव्याला पुरते. ओला कागद पूर्ण जळत नाही, अर्धवट जळालेला तुकडा वाऱ्यावर उडतो आणि पुढचे आपल्या हातात राहत नाही. ओले वाइप्स कागदाचे वाटतात, पण त्यातील बहुतेकांत प्लॅस्टिकचे तंतू असतात. ते कुजतही नाहीत आणि जाळले तर वितळून मातीत चिकटून बसतात. वापरलेला कागद आणि वाइप्स पिशवीत घालून परत आणावेत.

खरे तर याबाबतीत आपली पाण्याची सवयच अधिक चांगली आहे. वेगळी, खूण केलेली अर्धा लिटरची बाटली नेली की कागदाची गरजच पडत नाही. ते पाणी खड्ड्यातच पडू द्यावे. नंतर साबणाने हात धुवावेत आणि तेही खड्ड्याजवळच, टाक्यात किंवा ओढ्यात हात बुडवून नव्हे. ‘निसर्गात विरघळणारा’ असे लिहिलेला साबणही पाण्यात मिसळता कामा नये, तो मातीतच मुरायला हवा. केवळ सॅनिटायझरवर विसंबू नये : जुलाब-उलट्या घडवणाऱ्या नोरोव्हायरससारख्या विषाणूंवर त्याचा फारसा परिणाम होत नाही.

प्रश्न : रात्री अंधारात एकटीने तंबूपासून दूर जाण्याची भीती वाटते, म्हणून मी आणि माझ्या मैत्रिणी संध्याकाळपासून पाणी पिणेच बंद करतो. पाळीच्या दिवसांत ट्रेक असेल तर अडचण आणखी वाढते. सॅनिटरी पॅड पुरले तर चालतात का? (वाचक, ठाणे)

उत्तर : पाणी बंद करणे हा यावरचा उपाय नाही, ते आरोग्यासाठी धोकादायक आहे. चढाईने आधीच शरीरातील पाणी कमी झालेले असते. त्यात पाणी तोडले की डोकेदुखी, पेटके आणि मूत्रमार्गाचा संसर्ग यांना आमंत्रण मिळते. ही केवळ स्त्रियांनी आपापसांत सोडवण्याची बाब नसून गटाच्या प्रमुखाची जबाबदारी आहे. मुक्कामाच्या ठिकाणी पोहोचताच, उजेड असताना, स्त्रियांसाठी एक दिशा आणि पुरुषांसाठी दुसरी दिशा ठरवून ती सर्वांना मोकळेपणाने सांगावी. ठरलेल्या वाटेवर दगडांच्या खुणा कराव्यात आणि कड्याची बाजू कटाक्षाने टाळावी, कारण अंधारात आडोसा शोधताना कड्याकडे सरकणे जिवावर बेतू शकते. रात्री दोघींनी मिळून जावे, विजेरी आणि शिट्टी जवळ ठेवावी, पायात बूट असावेत आणि बसण्यापूर्वी दगडाखाली व गवतात विंचू-साप नाही ना, हे पाहून घ्यावे. लघवीसाठी दूर जाण्याची आवश्यकता नसते : निरोगी व्यक्तीच्या लघवीतून रोग पसरण्याची शक्यता विष्ठेच्या तुलनेत खूपच कमी असते. गुहा, मंदिर, टाक्याचा परिसर आणि वाट एवढे टाळून तंबूच्या जवळपास गेले तरी चालते.

पॅड पुरू नयेत. बाजारातील बहुतेक पॅडमध्ये प्लॅस्टिकचा थर आणि ओलावा शोषणारे रसायन असते. ते वर्षानुवर्षे कुजत नाही, आणि रक्ताच्या वासाने रानडुकरे व कुत्री ते उकरून काढतात. वापरलेला पॅड कागदात गुंडाळून, आतले न दिसणाऱ्या पिशवीत ठेवून परत आणावा. घनकचरा व्यवस्थापन नियमांनुसार असा कचरा नीट गुंडाळून द्यायचा असतो, तो घरी आल्यावर तसाच द्यावा. मेन्स्ट्रुअल कप (पाळीचे रक्त साठवणारा, धुऊन पुन्हा वापरता येणारा छोटा कप) वापरण्याची सवय असेल तर ट्रेकसाठी तो फार सोयीचा आहे : तो खड्ड्यात रिकामा करून माती लोटता येते. मात्र कप हाताळण्याआधी आणि नंतर हात धुण्यासाठी स्वच्छ पाणी लागते. तेवढे पाणी वेगळे बाळगावे, आणि कपची पहिली सवय ट्रेकवर करू नये.

प्रश्न : आमचा गट दरवर्षी ४० तरुणांचे दोन दिवसांचे शिबिर गडाच्या माचीवर घेतो. आम्ही शौचासाठी एक कापडी तंबू उभारून त्यात चर खणतो आणि निघताना बुजवतो. ही पद्धत योग्य आहे का? (वाचक, कोल्हापूर)

उत्तर : आपण व्यवस्था करता, हे अनेक शिबिरांपेक्षा चांगले आहे. तरीही ४० जणांची दोन दिवसांची विष्ठा एकाच चरात साठली, तर तिथली माती ती पचवू शकत नाही. काही महिन्यांनी उकरले तरी ती जवळपास तशीच मिळते. अमेरिकेत मोंटाना राज्यातील ब्रिजर डोंगररांगेत १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला झालेल्या अभ्यासात पुरलेल्या विष्ठेतील साल्मोनेलासारखे जंतू हिवाळा ओलांडून पुढच्या वर्षीही जिवंत आढळले होते. आपली हवा उष्ण आहे, त्यामुळे जंतू तिथल्यापेक्षा लवकर मरतात. परंतु जंताची अंडी मातीत वर्षानुवर्षे टिकू शकतात, आणि आपले शिबिर दरवर्षी त्याच माचीवर भरते.

माझे स्पष्ट मत असे की ४० जणांचा मुक्काम गडाच्या माथ्यावर करूच नये. मुक्काम पायथ्याच्या गावात ठेवावा आणि गड दिवसा पाहावा. स्वच्छ भारत अभियानात घरटी १२,००० रुपयांचे अनुदान मिळाल्यामुळे आता बऱ्याच वाड्यांतही शौचालये आहेत. चार-पाच घरांशी आधी बोलून, रीतसर मोबदला ठरवून त्यांचा वापर करता येईल. त्यासाठी घराचे एकच शौचालय ४० जणांच्या रांगेला देऊ नये : शोषखड्डा भरून वाहू लागला, तर त्रास त्या कुटुंबाला होतो आणि आपण तोवर घरी पोहोचलेले असतो. वनक्षेत्रात किंवा संरक्षित स्मारकाच्या आवारात शिबिरासाठी परवानगीही लागते. ती मागताना शौचाची व्यवस्था काय करणार, हे अर्जातच लिहावे.

गावात सोय होणे अगदीच अशक्य असेल, तर खोल मातीच्या जागी, पाणवठ्यापासून दूर, अरुंद आणि लांब चर घ्यावा. एका टोकापासून वापर सुरू करावा, प्रत्येकाने आपल्यापुरती माती लगेच लोटावी आणि पुढची व्यक्ती हातभर पुढे सरकावी. तंबूजवळ पाणी, साबण आणि खुरपे कायम असावे.

आणखी एक गोष्ट, जी मला सर्वांत महत्त्वाची वाटते. काही शिबिरांत शौचाच्या पिशव्या खाली नेण्याचे किंवा चर बुजवण्याचे काम गावातील एखाद्या गरजू माणसाला पैसे देऊन सांगितले जाते. हे कदापि करू नये. हाताने मैला उचलण्याचे काम कोणालाही देण्यास २०१३ च्या कायद्याने बंदी आहे, आणि कायदा नसता तरी ज्या प्रथेने या देशातील माणसांना पिढ्यानपिढ्या अपमानित केले, ती आपल्या सुट्टीसाठी डोंगरात नेण्याचा अधिकार आपल्याला नाही. आपली पिशवी आपणच उचलायची, चर शिबिरार्थींनीच बुजवायचा आणि त्यात प्रमुखाने प्रथम हात घालायचा.

प्रश्न : राजगडावर संजीवनी माचीच्या तटबंदीत जुने शौचकूप आहेत. ते वापरले तर काय बिघडते? त्यासाठीच तर ते बांधले होते. (वाचक, सातारा)

उत्तर : ते बांधले तेव्हा गडावर वस्ती होती आणि स्वच्छता राखणारी माणसे होती. आज ती व्यवस्था नाही. तिथे केलेली घाण तिथेच राहते, दगडी बांधकामाची हानी होते आणि पाहायला येणाऱ्यांना नाक दाबून परत फिरावे लागते. २०२५ साली युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समाविष्ट झालेल्या बारा किल्ल्यांत राजगड आहे. ते शौचकूप सतराव्या शतकातील स्वच्छतेच्या विचाराचा पुरावा आहेत, म्हणून पाहावेत आणि जपावेत.

प्रश्न : रानात गुरांचे शेण सगळीकडे पडलेले असते. मग माणसाच्या विष्ठेचीच एवढी चिंता का? (वाचक, जुन्नर)

उत्तर : माणसाला होणारे आजार मुख्यतः माणसाच्याच विष्ठेतून पसरतात. टायफॉइड, कॉलरा, अ आणि ई प्रकारची कावीळ, आमांश हे सर्व त्या वाटेने पाण्यात येतात. शेणातूनही काही रोग होऊ शकतात, त्यामुळे गुरे फिरतात तिथले पाणी उकळूनच प्यावे. परंतु गवत खाणाऱ्या गुरांचे शेण आणि माणसाची विष्ठा यांची बरोबरी होत नाही. शेणकिडे आणि वाळवी शेण लवकर संपवतात, शिवाय शेण गोळा करून नेणारेही असतात.

प्रश्न : मे महिन्यात उत्तराखंडमध्ये चार हजार मीटरच्या वरचा ट्रेक करणार आहे. सह्याद्रीतल्या सूचना तिथेही लागू होतात का? (वाचक, डोंबिवली)

उत्तर : पाण्याचा प्रश्न तोच, माती आणि हवामान मात्र वेगळे. तितक्या उंचीवर वर्षातील बराच काळ जमीन गोठलेली असते आणि विघटन अतिशय मंद होते. बर्फात पुरणे म्हणजे नुसते झाकणे आहे : बर्फ वितळला की सगळे उघडे पडते आणि खालच्या प्रवाहात जाते. बुग्याल म्हणून ओळखल्या जाणाऱ्या कुरणांवरील हिरवळीचा थर फार हळू तयार होतो, त्यामुळे तो कापून खड्डे घेऊ नयेत. उत्तराखंड उच्च न्यायालयाने २०१८ साली बुग्यालांवर रात्रीचा मुक्काम करण्यास मनाई केली, तिच्यामागे हीच काळजी होती. नोंदणी करताना आयोजकांना विचारावे की शौचाचा तंबू कुठे उभारणार, खड्डा किती खोल घेणार आणि वरच्या मुक्कामावर काय सोय आहे. उत्तर गुळमुळीत आले, तर दुसरा आयोजक शोधावा. वृक्षरेषेच्या वर, म्हणजे ज्या उंचीपुढे झाडे वाढत नाहीत तिथे, पिशवीत भरून खाली आणणे हीच जबाबदार पद्धत आहे. एव्हरेस्टच्या परिसरात तर तेथील खुंबू पासांगल्हामू गावपालिकेने २०२४ पासून गिर्यारोहकांना अशा पिशव्या नेणे आणि भरून परत आणणे सक्तीचे केले आहे.

प्रश्न : ट्रेकमध्ये कोणाला जुलाब लागले तर वेगळी काळजी घ्यावी का? (वाचक, रत्नागिरी)

उत्तर : होय. अशा वेळी दर वेळी नवी जागा शोधण्याइतकी ताकद रुग्णात नसते. म्हणून पाण्यापासून दूर, मुक्कामाच्या जवळ आणि उताराच्या खालच्या बाजूला इतरांनी त्याच्यासाठी दोन-तीन खड्डे आधीच खणून ठेवावेत, माती व खुरपे शेजारी ठेवावे आणि रात्री कोणीतरी सोबत जावे. त्याला जलसंजीवनी घोट-घोट देत राहावे. विष्ठेतून रक्त जात असेल, ताप चढला असेल, लघवी बंद झाली असेल किंवा ग्लानी येत असेल, तर ट्रेक तिथेच थांबवून त्याला खाली आणावे. सर्वांचे पिण्याचे पाणी खळखळून उकळावे : एक मिनिट पुरे, दोन हजार मीटरच्या वर तीन मिनिटे. रुग्णाची बाटली, पेला आणि ताट वेगळे ठेवावे. जुलाब थांबल्यानंतरही किमान दोन दिवस त्याला स्वयंपाकाला, पाणी भरायला किंवा वाढायला लावू नये.